घरचा ओल्ड फॅशन्ड आधी घसा जाळतो आणि नंतर पाणचट होतो, त्याचं काय करायचं

ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकलीय की एकदाच सविस्तर लिहून टाकतो. घरी ओल्ड फॅशन्ड (व्हिस्कीचं जुनं कॉकटेल) केला, मापं सगळी व्हिडिओत दाखवतात तशीच घेतली, ६० मिली बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), चमचाभर साखर, बिटर्सचे (कडू मसालेदार अर्काचे) दोन डॅश म्हणजे झटके, बर्फ, वर संत्र्याची साल, सगळं जिथल्या तिथे. तरी पहिला घोट घसा जाळत जातो, मग पाच-दहा मिनिटं जरा मजा येते आणि त्यानंतर जी उतरती कळा लागते ती थांबतच नाही, ग्लासात शेवटी जे उरतं ते व्हिस्कीचा वास असलेलं साखरपाणी आणि तळाला न विरघळलेली साखर. मग माणूस व्हिस्कीवर संशय घेतो. पुढच्या वेळी हजार रुपये जास्त मोजून दुसरी बाटली येते आणि होतं तेच.

बाटलीचा दोष यात फार क्वचित असतो. दोष पाण्याचा असतो, म्हणजे ग्लासात किती पाणी गेलं आणि कधी गेलं याचा. आपण हे पेय तीन गोष्टींचं धरतो, दारू, साखर, बिटर्स, आणि बर्फ फक्त गार करायला. पण १३ मे १८०६ ला न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या 'द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी' या पेपराने कॉकटेलमधे काय काय असतं ते वाचकांना सांगितलं तेव्हा घटक चार होते: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. पाणी तिथे नाव घेऊन आहे. पुढे १८७०-८० च्या सुमारास अमेरिकेतले बारवाले त्यात कुरासाव घाल, अ‍ॅबसिंथ घाल असले उद्योग करायला लागले तेव्हा जुनी गिऱ्हाइकं वैतागून पूर्वीसारखंच, म्हणजे 'ओल्ड फॅशन्ड' दे बाबा म्हणायला लागली आणि ते नाव चिकटलं. (केंटकीतल्या लुईव्हिलचा पेंडेनिस क्लब हे आमच्याकडेच जन्माला आलं असं सांगतो, पण क्लब निघाला १८८१ ला आणि शिकागोच्या पेपरात ओल्ड फॅशन्ड कॉकटेल्सचा उल्लेख १८८० चा आहे, तेव्हा ते सोडून द्या.) आजही इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनच्या रेसिपीत ४५ मिली बर्बन किंवा राय (राय धान्याची व्हिस्की), एक शुगर क्यूब, अँगोस्टुरा बिटर्सचे काही डॅश आणि साध्या पाण्याचे काही डॅश असंच आहे. हे पाणी बरोबर पडलं की व्हिस्कीची धार कमी होते आणि तिच्यातला व्हॅनिला, लाकूड, मसाला वर येतो. कमी पडलं तर जळजळ, जास्त पडलं तर पाणचट. घरी एकाच ग्लासात दोन्ही होतं कारण सुरुवातीला पाणी पुरेसं गेलेलंच नसतं आणि नंतर ते थांबत नाही.

तर आधी तुमच्याकडे नक्की काय बिघडतंय ते मोजा, अंदाजाने नको. घरात कफ सिरपचं खुणा असलेलं झाकण असतं ते घ्या, किंवा बेकिंगचा मेजरिंग कप. ६० मिली व्हिस्की, ५ मिली साखरेचा पाक (तो कसा करायचा ते खाली येतंय) आणि बिटर्स हे सगळं एका भांड्यात भरपूर बर्फावर अर्धा मिनिट ढवळा, चहाच्या गाळणीने गाळा आणि मोजा. टाकलं होतं साधारण ६६-६७ मिली. गाळून ८० ते ८५ आलं तर तुमचं सगळं बरोबर चाललंय, मग दोष सर्व्ह करायच्या ग्लासात किंवा त्यातल्या बर्फात आहे. ७५ च्या खाली आलं तर ढवळणं कमी पडलं, घसा जळणारच. आणि ९५-१०० च्या वर गेलं तर बर्फ ओला आहे किंवा भांडं-बाटली तापलेली आहेत. आकड्यात सांगायचं तर ४२.८ टक्क्यांची ६० मिली व्हिस्की ८३ मिलीत असली की पेय साधारण ३१ टक्क्यांचं होतं, आणि तीच ११० मिलीत गेली की २३ टक्के. हा आठ टक्क्यांचा फरक जिभेला लगेच कळतो, त्याला जाणकार असायची गरज नाही.

आता आपल्याकडची खास अडचण, जी अमेरिकन व्हिडिओत कोणी सांगणार नाही कारण त्यांच्याकडे ती नाहीच. उन्हाळा. त्यांची खोली असते २० डिग्रीची, आपली एप्रिल-मेमधे ३४. बर्फ गार करतो तो मुख्यतः वितळून, हे लक्षात घ्या. उणे १८ चा एक ग्रॅम बर्फ शून्यावर येईपर्यंत फक्त ३८ ज्यूल उष्णता ओढतो आणि वितळताना ३३४. म्हणजे गार करणं आणि पाणी मिसळणं हे एकाच वेळी होणारं एकच काम आहे, एक हवं दुसरं नको असं चालत नाही. ढोबळ हिशेब केला तर २० डिग्रीची ६० मिली व्हिस्की शून्यावर आणायला १४ ग्रॅम बर्फ वितळतो आणि ३४ डिग्रीची आणायला २४-२५ ग्रॅम. नुसत्या ऋतूमुळे दहा ग्रॅम पाणी जास्त!

आणि यात अजून ग्लास धरलेला नाही. ते जाड बुडाचे दणकट व्हिस्कीचे ग्लास असतात ना, लग्नात सहाच्या सेटमधे मिळणारे, त्यातला एकेक आरामात ३०० ग्रॅम भरतो. तो कपाटातून काढला तेव्हा तोही ३४ डिग्री. काच काही पूर्ण शून्यावर जात नाही, पण निम्मी-अर्धी गार व्हायलाही दहा-बारा ग्रॅम बर्फ खाते. म्हणजे तुम्ही अजून घोटही घेतला नाहीये आणि दोन छोटे चमचे पाणी फक्त काच गार करण्यात गेलंय. बर्फ टाकून खळखळ आवाज करत ढवळायचं आणि तोच ग्लास तोंडाला लावायचा ही पद्धत थंड देशात खपून जाते, आपल्याकडे नाही.

उपाय सोपा आहे. प्यायचा ग्लास पंधरा-वीस मिनिटं फ्रीजरमधे ठेवा आणि ढवळायला काचेचं भांडं घेऊच नका. ऑनलाइन ते नक्षीदार मिक्सिंग ग्लास दीड-दोन हजाराला विकतात, दिसतात झकास, पण जाड काच म्हणजे पुन्हा तेच. घरातलं मोठं स्टीलचं फुलपात्र घ्या, नाहीतर लस्सीचा उभा ग्लास. स्टीलचा पातळ पत्रा स्वतः फार उष्णता धरत नाही, त्याला गार करायला चार-पाच ग्रॅम बर्फ पुरतो. चमचा फालुद्याचा लांब दांड्याचा, गाळणी चहाची (धुतलेली हो, कालच्या आल्याचा वास राहिलेली नको). बारचं सामान म्हणून एवढंच पुरे, वर एक ३०-६० चं पेगमेजर घेतलंत तर ठीक, पण बाटलीच्या झाकणाने मोजणं बंद करा, कारण प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं आणि तिसऱ्या ग्लासापासून हातही सैल होतो.

काही जण इथे हुशारी करतात आणि व्हिस्कीची बाटलीच फ्रिजमधे ठेवतात. चांगली कल्पना आहे पण अर्धीच. ६ डिग्रीची व्हिस्की शून्यावर यायला जेमतेम चार ग्रॅम बर्फ वितळतो, म्हणजे पेय गारेगार होतं पण पाणी गेलेलंच नसतं, आणि मग "एवढं थंड असून घसा का जळतोय" असा प्रश्न पडतो. बाटली फ्रिजमधली असेल तर १०-१२ मिली गार पाणी मोजून आपल्या हाताने घाला आणि मग ढवळा. व्हिस्कीत पाणी घालतोय म्हणून कसंतरी वाटून घेऊ नका, १८०६ पासून ते रेसिपीतच आहे.

मग बर्फ. यावर जरा जास्त लिहितो कारण अर्ध्याहून जास्त घरांत रोग इथेच असतो.

आपल्याकडची रीत अशी की ट्रे फ्रीजरातून काढला, निघत नाही म्हणून नळाखाली धरला, पिळला, खडे सटासट सुटले ते एका वाटीत घेतले आणि वाटी टीपॉयवर. गप्पा सुरू. दहा मिनिटांनी त्या वाटीत बघा, खडे कडेने गोल झालेत, एकमेकांवरून घसरतात, खाली बोटभर पाणी जमलंय आणि प्रत्येक खड्याभोवती पाण्याची फिल्म आहे. हा झाला ओला बर्फ. यातले पाच-सहा खडे उचलून ग्लासात टाकले की त्यांच्या अंगावरचं पाणी फुकटात आत जातं, ते काहीही गार करत नाही, नुसतं पातळ करतं. वरून नळाखाली धरल्याने बर्फाची थंडीही उतरलेली. ट्रे नळाखाली धरायचाच नाही, एक-दोन मिनिटं ओट्यावर ठेवा आपोआप सुटतो, किंवा खडे आधीच काढून फ्रीजरमधे डब्यात भरून ठेवा आणि पाहिजे तेव्हा थेट डब्यातून फुलपात्रात. उरलाच जर ओला बर्फ हातात तर गाळणीत निथळून घ्या, तेवढ्यानेही फरक पडतो.

दुसरं म्हणजे आकार. ५ सेंटीमीटर बाजूच्या एका ठोकळ्याचा पृष्ठभाग १५० चौरस सेंटीमीटर. तेवढाच बर्फ अडीच-अडीच सेंटीमीटरच्या आठ खड्यात असेल तर पृष्ठभाग होतो ३००. वितळणं पृष्ठभागावरून होतं, म्हणजे लहान खडे दुप्पट वेगाने पाणी सोडणार असं धरून चाला. ढवळताना लहान खडे चालतात, उलट बरेच, पटकन गार होतं. पण प्यायच्या ग्लासात एकच मोठा ठोकळा हवा आणि ढवळलेलं पेय गाळून त्यावर ओतायचं. दोन इंची सिलिकॉनचे मोल्ड मिळतात, ते नसतील तर स्टीलच्या छोट्या वाटीत पाणी गोठवा, गोल बुडाचा ठोकळा निघतो, दिसायला थोडा इडलीसारखा पण काम तेच करतो. पार्टीला जो पिशवीतला बर्फ मागवतो, मधे भोक असलेल्या नळ्यांचा, तो ढवळायला वापरा आणि ग्लासात घालू नका, आतून-बाहेरून दोन्हीकडून वितळतो. आणि मच्छीवाल्याच्या लादीच्या बर्फाचा तर विचारही नको. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याचा बर्फ निळा करायचा नियम आहे तो उगाच नाही.

वास हा तिसरा मुद्दा आणि याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. फ्रीजरमधे एका बाजूला खवलेला नारळ, हिवाळ्यात सोललेले मटार, सुरमईच्या तुकड्या आणि मागच्या मेमधला आमरस, आणि मधोमध उघडा बर्फाचा ट्रे. बर्फ हे सगळे वास धरतो. व्हिस्की-सोड्यात सोड्याच्या फसफशीत ते लपतं, ओल्ड फॅशन्डमधे लपायला जागाच नाही. "शेवटी चव विचित्र लागते" म्हणणाऱ्यांनी एक बर्फाचा खडा नुसता चोखून बघावा, तिथेच उत्तर मिळेल. झाकणाचा ट्रे किंवा झिपची पिशवी, आणि आठवड्याहून जुना बर्फ झाडाला.

पारदर्शक बर्फाचं वेड सध्या फार आहे, त्याबद्दल माझं मत: दिसतो सुंदर, चवीला आणि वितळण्याला फरक अगदी थोडा. मोठा, कोरडा, बिनवासाचा हे तीन जमलं की ढगाळ असला तरी चालतो. पण करायचाच असेल तर पाणी उकळून, दोनदा उकळून वगैरे काही विशेष होत नाही. बर्फ चारही बाजूंनी गोठला की हवा आणि क्षार मधे अडकतात म्हणून पांढरा डाग येतो, एकाच बाजूने गोठवला तर ते सगळं पुढे ढकललं जातं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कँपर इंग्लिश या लेखकाने २००९ मधे साधा पिकनिकचा कूलर झाकण न लावता फ्रीजरमधे ठेवून ही युक्ती लोकांपुढे आणली, आणि आपल्या घरात त्याच्यासाठी नेमकी वस्तू आधीच आहे, चपात्यांचा कॅसरोल. पाऊण भरा, झाकण काढून ठेवा, बाजूने आणि खालून इन्सुलेशन असल्यामुळे वरून खाली गोठत जातो. अठरा-वीस तासांनी तळाला थोडं पाणी असतानाच उपडा करा, पूर्ण गोठू दिला तर बर्फ फुगून आतलं भांडं तडकायची भीती. मग दात्याच्या ब्रेडच्या सुरीने वर एक सरळ खाच पाडायची, सुरी त्या खाचेतच ठेवायची आणि पाठीवर लाटण्याने हलका ठोका. टक्क असा आवाज येतो आणि ठोकळा बहुतेक वेळा सरळ दुभंगतो. फ्रीजरातून काढल्या काढल्या हे करू नका, वरची पांढरी भुकटी जाऊन बर्फ चकचकीत दिसायला लागेपर्यंत थांबा, नाहीतर कुठेही तडकतो. ग्लासात घालायच्या ठोकळ्यालाही हेच लागू, अतिथंड ठोकळ्यावर पेय ओतलं की चर्रकन भेगा पडतात, तुकडे होतात आणि पुन्हा लहान खड्यांची गत.

साखरेकडे वळू, कारण पाणचटपणाला तिचाही हातभार आहे, फक्त आडून. साखर अल्कोहोलमधे जवळजवळ विरघळतच नाही, तिला पाणी लागतं. शुगर क्यूबवर बिटर्स आणि चमचाभर पाणी घालून ठेचायचा आणि पूर्ण विरघळल्यावरच व्हिस्की ओतायची ही मूळ पद्धत चुकीची नाही, पण क्यूब सगळीकडे मिळत नाही म्हणून आपण डब्यातली साखर घेतो आणि आपल्याकडची वाण्याची साखर, खास करून एम-३० ग्रेडची, चांगली टपोऱ्या दाण्याची असते. वर व्हिस्की पडली की ते दाणे तसेच बसून राहतात. मग माणूस ढवळतो, ढवळतो, ढवळतच राहतो, साखर हट्ट सोडत नाही आणि तोवर बर्फाचं पाणी होऊन गेलेलं असतं. शिवाय विरघळायची राहिलेली साखर हळूहळू खाली विरघळते म्हणून शेवटचा घोट गोड मिट्ट. पिठीसाखरेने सुटेल असं वाटतं, पण पाकिटातल्या आयसिंग शुगरमधे कॉर्नस्टार्च असतो, पेय गढूळ होतं.

पाक करून ठेवा, विषय संपला. १०० ग्रॅम साखर, ५० मिली पाणी, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच. उकळी आणून आटवत बसू नका, एकतारी वगैरे अजिबात नको, आपल्याला गुलाबजाम करायचे नाहीयेत. हा पाक एक छोटा चमचा म्हणजे ५ मिली घेतला की त्यात जवळपास साडेचार ग्रॅम साखर येते, एका शुगर क्यूबएवढी, त्यामुळे कुठलीही रेसिपी सरळ बदलता येते. काचेच्या बाटलीत फ्रिजमधे महिनाभर टिकतो, तळाला खडे धरले तर बाटली गरम पाण्यात उभी करा. गुळाचा पाकही लोक करतात, मला त्यापेक्षा काकवी आवडते, ती मुळातच पातळ असते, निम्म्याला निम्मं गरम पाणी घालून सारखी करून घ्यायची. पण काकवीला स्वतःची खारट-खमंग चव असते, ती जोरकस बर्बनबरोबर छान जाते आणि धुरकट स्कॉचबरोबर भांडते.

व्हिस्की शेवटी घेतोय कारण ती खरंच शेवटची गोष्ट आहे. बर्बन म्हणजे किमान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेलं नवं कोरं ओकचं पिंप, राय म्हणजे किमान ५१ टक्के राय. नव्या लाकडामुळे व्हॅनिला-कॅरमल भरपूर असतं म्हणून ती साखर-बिटर्सला पेलते. ४० टक्केवाली बर्बन पाण्यापुढे लवकर हार मानते, ४५-५० ची असेल तर सगळी माफी असते, पाच-दहा मिली पाणी जास्त पडलं तरी निभावतं. ड्यूटी फ्रीमधून कोणी येणार असेल तर (माणशी दोन लिटर आणता येतं) लेबलवर टक्केवारी बघून सांगा, वयाचा आकडा या पेयासाठी तितका महत्त्वाचा नाही. आपल्याकडच्या ब्लेंडेड व्हिस्की बहुतेक ४२.८ टक्क्यांच्या, जुन्या इंग्रजी मापात ७५ प्रूफ, तो आकडा तिथून आलाय. त्यातल्या बऱ्याचशांमधे उसाच्या मळीचं स्पिरिट असतं आणि युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताही येत नाही, पण ओल्ड फॅशन्ड होतच नाही असं नाही. तिची मुळात चवच गोडसर असते म्हणून पाक ५ ऐवजी ३ मिली करा आणि बिटर्सचा एक डॅश वाढवा. खरी देशी निवड मात्र सिंगल माल्टमधे आहे, बेंगळुरूची अमृत, गोव्यात तयार होणारी पॉल जॉन. अमृत फ्यूजन तर ५० टक्क्यांची आहे, पाण्याला मुळीच घाबरत नाही. धूर थोडा आहे तिच्यात, तेव्हा काकवी नको, साधा पाक.

"गोड व्हिस्की लागते, कॉकटेल वाटत नाही" अशी तक्रार असेल तर बिटर्स घातलेलं नाहीये किंवा दोन थेंब घातलंय. डॅश म्हणजे थेंब नव्हे, बाटली उपडी करून दिलेला एक झटका, दोन-तीन हवेत. अँगोस्टुरा (तीच ती बाटली जिचा कागद बाटलीपेक्षा मोठा असतो) १८२४ मधे डॉ. सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टराने व्हेनेझुएलात औषध म्हणून तयार केलं, आता त्रिनिदादमधे होतं, आणि कडूपणा येतो जेन्शन नावाच्या वनस्पतीच्या मुळापासून. मोठ्या शहरांच्या बाहेर मिळणं कठीण, ऑनलाइन महाग, पण एक बाटली वर्षानुवर्षं जाते. नाहीच मिळालं तर घरगुती सोय आहे. काडेचिराईत आठवतंय ना, लहानपणी ताप आला की आजी पाजायची ते, ते जेन्शनच्याच कुळातलं आहे. १०० मिली व्होडकात दोन-तीन काड्या, संत्र्याची वाळवलेली साल, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, आठवडाभर ठेवून गाळा. काड्या मात्र दोन दिवसांतच काढून टाका नाहीतर तोंड वेडंवाकडं होईल. अँगोस्टुराची बरोबरी होत नाही पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

साल: नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, पिळताना तुटते, पण तेल चांगलं असतं, मोठा तुकडा घ्या आणि बाहेरची बाजू पेयाकडे करून चिमटीत दाबा, उजेडात धरलंत तर बारीक फवारा उडताना दिसतो. आतलं पांढरं जेवढं कमी तेवढं बरं. मोसंबीची साल कडवट जाते. बाहेरून आलेल्या चकचकीत संत्र्यांवर मेण असतं, कोमट पाण्याने चोळून धुवा. आणि ती लाल चेरी टाकून ठेचू नका हो, बेकरीतल्या त्या लाल चेऱ्या बऱ्याचदा पाकवलेली करवंदं असतात, साखर आणि रंग दोन्ही सोडतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधे ब्रँडी घेऊन, फळं ठेचून, वर सोडा ओतून करतात, ती तिकडची परंपरा आहे आणि तिची मजा वेगळी, पण मग पाणचट झालं म्हणायचं नाही.

शेवटी ज्यांच्याकडे सात-आठ जण येणार आहेत त्यांच्यासाठी (सगळे पंचवीसच्या पुढचे असू देत, महाराष्ट्रात तोच नियम आहे, आणि परमिटचंही बघा). प्रत्येकाचा वेगळा ढवळत बसलात तर बर्फाची वाटी ओली होणारच, वर सांगितलेलं सगळं पाण्यात. सकाळीच एका रिकाम्या ७५० च्या बाटलीत ५०० मिली व्हिस्की, ४० मिली पाक, ११० मिली प्यायचं पाणी आणि १४-१५ डॅश बिटर्स घालून हलवून ठेवा, आठ ग्लास होतात. पाणी मोजून आधीच गेलंय त्यामुळे ढवळायचं काहीच नाही, गार ग्लासात एक मोठा ठोकळा, त्यावर ८० मिली ओता, साल पिळा, द्या. बाटली फ्रिजमधे ठेवलीत तर उत्तम. फ्रीजरमधे ठेवलीत आणि तुमचा फ्रीजर उणे १८ पर्यंत खरोखर जात असेल तर आत थोडा लगदा धरू शकतो, व्हिस्की बिघडली असं समजून घाबरू नका, पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि एकदा उलटी-सुलटी करून मग ओता.